‘डिस्क भरली आहे’ : एका वाक्याचा अर्थ लावताना

लक्षणा शिकवताना आपण सारेच जे उदाहरण देतो, ते गंगेवरील गवळीवाड्याचे. गंगा हा पाण्याचा प्रवाह. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही. म्हणून ‘गंगा’ या शब्दाचा मुख्य अर्थ तेथे अडतो आणि त्याच्याशी निगडित असा ‘गंगेचा तीर’ हा अर्थ आपण पत्करतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक काहीतरी. विद्यार्थी या अटी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत नेमक्या क्रमाने लिहितात, आणि त्यांचा आपल्या रोजच्या वाचनाशी काही संबंध असेल अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखात या तीन अटी आम्हांला एका अगदी गद्य वाक्याला लावून पाहायच्या आहेत. हे वाक्य कोणा कवीचे नाही. गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकाच्या एका प्रोग्रॅमने ते आमच्यासमोर पडद्यावर उमटवले. मूळ इंग्रजी वाक्याचा मराठी आशय असा : ‘फाइल जतन करता आली नाही. डिस्क भरली आहे किंवा तिच्यावर लिहिता येत नाही. जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करावा.’

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मावळातील गावांत जातो आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो. या क्षेत्रात आमच्याआधी फार मोठे काम होऊन गेले आहे. साने गुरुजींनी ओव्यांचे संकलन ‘स्त्रीजीवन’ या नावाने ग्रंथरूपात आणले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे कितीतरी संग्रह सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या आवाजासह लोकांपुढे आणण्यास आरंभ केला. त्या मानाने आमचे काम चिमूटभर. पण ते करताना एक गोष्ट आम्हांला पुरती उमगली आहे. छापलेली ओवी आणि म्हटलेली ओवी या दोन निराळ्या वस्तू आहेत. म्हणणारी बाई कोठे श्वास घेते, कोणता शब्द लांबवते, कोणत्या ओवीनंतर गप्प बसते, हे कागदावर उतरत नाही. म्हणून आम्ही मुद्रण मध्येच थांबवत नाही. ओव्यांच्या मधले बोलणे, खोकणे, अंगणातली कोंबडी, सारे येऊ देतो.

अशाच एका मुक्कामी ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी तीन तास चाळीस मिनिटे ओव्या म्हटल्या. जाते केव्हाच भिंतीकडेला उभे करून ठेवलेले. तरी म्हणताना त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. शेवटी त्या थकून भिंतीला टेकल्या, आणि आम्ही ‘सेव्ह’ची कळ दाबली. लॅपटॉप महाविद्यालयाचा, आळीपाळीने अनेकांच्या हाती जाणारा. म्हणून विभागाचा असा नियम होता की प्रत्येक मुद्रण थेट विभागाच्या पेन ड्राइव्हवर जतन करायचे. पेन ड्राइव्ह ३२ गिगाबाइटचा होता. त्यावर आधीच्या नऊ गावांची मुद्रणे होती आणि वीस गिगाबाइटहून अधिक जागा रिकामी होती. असे असताना वर दिलेले वाक्य पडद्यावर आले.

पुन्हा कळ दाबली, पुन्हा तेच. वीज दुपारपासून गेलेली होती आणि लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरली होती. तीन तास चाळीस मिनिटांचा तो आवाज त्या घटकेला प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या साठ्यात तेवढा होता. त्याला नाव नव्हते, ठिकाण नव्हते. आमच्याबरोबर आलेल्या विद्यार्थिनीने वाक्य वाचले आणि कोणीही समंजस माणूस करील तेच केले. ती म्हणाली, “मॅडम, जागा करायला सांगतोय तो. मागच्या गावांच्या फायली काढून टाकू का? त्यांची कॉपी असेल ना कॉलेजात?” कॉपी काही गावांची होती, काहींची अजून व्हायची होती. आम्ही तिला थांबवले. आजींना गडबड कळली असावी. त्या म्हणाल्या, “न्हाई गावलं का बाई? परत म्हनू का?”

त्यांचे विचारणे मनापासूनचे होते. पण ओव्या पाठांतराप्रमाणे येत नाहीत. एका ओवीच्या आठवणीने दुसरी येते. आईच्या ओवीवरून माहेरची वाट, वाटेवरून भाऊ, भावावरून त्याची न आलेली चिठ्ठी. दुसऱ्यांदा म्हटल्या असत्या तर त्या दुसऱ्या ओव्या झाल्या असत्या.

वाङ्मयाच्या वाचकाने अशा वेळी काय करावे? आम्हांला वाटते, त्याने वाक्य वाचावे. ‘वाचावे’ म्हणजे केवळ त्याची आज्ञा पाळू नये. कविता वाचतो तसे शब्दाशब्दाने वाचावे. पहिले वाक्य : ‘फाइल जतन करता आली नाही.’ कोणाला? वाक्यात कर्ता नाही. कोणाकडून तरी काही झाले नाही एवढेच कळते. दुसऱ्या वाक्यात ‘किंवा’ आहे. व्याकरणाच्या भाषेत ते विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. सगळ्या निवेदनात आम्हांला हाच शब्द सर्वांत प्रामाणिक वाटतो. ज्याला कारण माहीत आहे तो ‘किंवा’ म्हणत नाही. वैद्याने ‘हा पित्ताचा किंवा हृदयाचा विकार आहे’ असे सांगितले, तर त्याचे निदान अजून झालेले नाही असे आपण समजतो. म्हणजे बोलणारा येथे कारण सांगत नाही, अंदाज करतो आहे. तिसरे वाक्य मात्र ‘जागा मोकळी करावी’ असे निःशंकपणे बजावते. अंदाजावर आधारलेला हा आदेश आहे, आणि दोन वाक्यांच्या दरम्यान ‘किंवा’ गळून पडला आहे. विद्यार्थिनीच्या मनावर ठसले ते हेच तिसरे वाक्य. त्यात तिचा दोष नाही. आज्ञार्थी क्रियापद नेहमीच सर्वांत मोठ्याने बोलते.

मग मुख्यार्थ तपासला. त्याच प्रोग्रॅमची दुसरी खिडकी उघडून एक मिनिटाची निव्वळ शांतता मुद्रित केली आणि त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच फोल्डरात जतन केली. ती बिनतक्रार जतन झाली. एवढ्याने विकल्पाच्या दोन्ही बाजू कोसळल्या. डिस्क भरलेली नव्हती. तिच्यावर लिहिताही येत होते. मुख्यार्थबाध सिद्ध झाला. आता प्रश्न मम्मटाच्या दुसऱ्या अटीचा होता : ‘भरली आहे’ याच्याशी संबंध असलेला असा कोणता अर्थ येथे खरा ठरेल? जतन झालेल्या आणि न झालेल्या मुद्रणात फरक एकच होता, लांबीचा. मघाचीच विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझ्या भावाचा मोठा सिनेमा पण पेन ड्राइव्हवर जात नाही. जागा असली तरी जात नाही. तो तुकडे करून नेतो.” तिने हे सहज सांगितले, आणि कोडे सुटले.

पेन ड्राइव्हवर फायली कशा मांडून ठेवायच्या याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. ‘फॅट ३२’ ही त्यांपैकी एक. ती १९९६ साली प्रचारात आली आणि जवळजवळ सर्व यंत्रांना ती वाचता येते म्हणून पेन ड्राइव्ह पुष्कळदा कारखान्यातूनच तिच्यात बांधलेले येतात. या पद्धतीत प्रत्येक फाइलची लांबी लिहून ठेवण्यासाठी ३२ द्विमान अंकांची जागा राखलेली असते. ३२ द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइटांहून, म्हणजे ज्याला आपण चार गिगाबाइट म्हणतो त्याहून, मोठी फाइल तिथे असूच शकत नाही, मग डिस्कवर कितीही मोकळी जागा पडलेली असो. आमचा प्रोग्रॅम सगळे मुद्रण एकाच फायलीत ठेवणारा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना चार बाइटांचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट. या हिशेबाने चार गिगाबाइटांची मर्यादा तीन तास सहा मिनिटांनंतर ओलांडली जाते. आजींनी त्यापुढेही अर्धा तास ओव्या म्हटल्या होत्या. घर रिकामे होते. एका पाहुण्याला जेवढी खोली देण्याची मुभा होती तेवढी खोली भरली होती. ‘डिस्क’ या शब्दाने येथे डिस्क सांगितलेली नव्हती, तिच्यावरील एका फायलीची कमाल मर्यादा सांगितलेली होती. गंगा म्हणजे तीर.

पण प्रकरण एवढ्यावर संपले नाही. मुद्रण आता लॅपटॉपच्याच डिस्कवर ठेवावे म्हणून ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डराकडे वळलो. फायलीला गावाचे नाव दिले, कळ दाबली. या वेळी वाक्य निराळे होते : ‘फाइल सापडली नाही. नाव तपासून पुन्हा प्रयत्न करावा.’ वाचकहो, या वाक्याचा क्षणभर विचार करावा. आम्ही फाइल शोधत नव्हतो, निर्माण करीत होतो. अजून न जन्मलेले मूल हरवले आहे, असे ते सांगणे होते. येथे तर मुख्यार्थबाध सिद्ध करण्यास प्रयोगाचीही गरज नव्हती. तो वाक्यातच होता. तरीही साध्या मजकुराची एक रिकामी फाइल टिपणवहीच्या प्रोग्रॅममधून त्याच फोल्डरात ठेवून पाहिली. ती राहिली. म्हणजे जागेचा दोष नव्हता, नावाचाही नव्हता. कोण लिहू पाहतो आहे यावर सारे अवलंबून होते.

खंडणीसाठी लोकांच्या फायली कुलूपबंद करणाऱ्या घातक प्रोग्रॅमांनी २०१७च्या मे महिन्यात जगभर धुमाकूळ घातला होता. ‘वॉनाक्राय’ हे नाव अनेकांना आठवत असेल. विंडोज १० मध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अशा हल्ल्यांविरुद्ध एक राखण मिळू लागली. तिचे नाव ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. मुळात ती बंद असते. कोणी चालू केली, तर ओळखीच्या प्रोग्रॅमांखेरीज इतरांना ती ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘व्हिडिओज’, ‘म्युझिक’ अशा फोल्डरांत लिहू देत नाही. महाविद्यालयाच्या लॅपटॉपवर ती कोणीतरी, योग्य हेतूनेच, चालू करून ठेवली होती. गाणी मुद्रित करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘म्युझिक’ या फोल्डराच्या दारातच अडवले जावे, यातला विनोद आम्हांला दुसऱ्या दिवशी कळला. त्या संध्याकाळी एवढेच केले की डिस्कच्या दुसऱ्या भागात, या राखणीच्या कक्षेबाहेर, एक नवे फोल्डर काढले आणि मुद्रण तेथे ठेवले. ते ठेवले गेले. मग ते बंद करून, पुन्हा उघडून, आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ऐकले. शेवटी आजींचा “बास आता” हा शब्द ऐकू आला तेव्हा त्या स्वतःच हसल्या.

राखण करणाऱ्याने ‘तुला येथे परवानगी नाही’ असे म्हणावे, आणि आपल्या कानी मात्र ‘फाइल सापडली नाही’ असे यावे, हे घडते कसे? संगणकाच्या अशा वाक्यांना कोणी एक वक्ता नसतो. डिस्कवर लिहिण्याचे काम सर्वांत खालचा एक थर करतो. तो आपले यश-अपयश त्याच्या वरच्या थराला कळवतो, तो त्याच्या वरच्याला, आणि असे होत होत निरोप प्रोग्रॅमपर्यंत येतो. हा निरोप शब्दांत नसतो, आकड्यांत असतो. विंडोजमध्ये २ म्हणजे फाइल सापडली नाही, ५ म्हणजे प्रवेश नाकारला, ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. जगात अडचणी अगणित आणि आकडे मोजके; म्हणून प्रत्येक थर आपल्या अडचणीला त्यातल्या त्यात जवळचा आकडा देऊन मोकळा होतो. सर्वांत वर बसलेल्या प्रोग्रॅमकर्त्याच्या हाती आकडा येतो, प्रसंग येत नाही. त्या आकड्यावरून तो एक वाक्य लिहितो. कधी दहा आकड्यांना मिळून एकच वाक्य लिहितो. आणि सामान्य वाचक बुजू नये म्हणून तो मूळ आकडाही झाकून टाकतो. वाक्य सुबोध होते आणि कारणाचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. कर्णोपकर्णी गेलेल्या निरोपाचे हे गणिती रूप आहे. खोटे कोणीच बोललेले नसते, आणि तरी शेवटी पोचते ते खरे नसते.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण युनिक्स या जुन्या प्रणालीच्या इतिहासात सापडते. १९७०च्या दशकात तेथे माणूस आणि संगणक यांच्यात संवाद होई तो टंकयंत्रासारख्या दिसणाऱ्या टेलिटाइपवरून. केवळ टेलिटाइपलाच लागू असलेली एखादी क्रिया दुसऱ्याच कशावर करू पाहिली तर प्रणाली एक आकडा परत देई, आणि त्याचे वाक्य होते : ‘हे टंकयंत्र नाही.’ पुढे टेलिटाइप गेले, वाक्य मात्र राहिले. दशकांनंतरही पत्र पाठवताना किंवा फाइल लिहिताना काही बिनसले की अधूनमधून लोकांना ‘हे टंकयंत्र नाही’ असे उत्तर मिळे. समोर टंकयंत्र नव्हते हे खरेच होते. पण ते कोणी विचारले होते? कारण असे की फाइल उघडताना प्रणालीने मुळात ‘समोर टेलिटाइप आहे का?’ एवढी चौकशी केलेली असे. त्या चौकशीचे नकारार्थी उत्तर तसेच पडून राही. आणि नंतर भलत्याच ठिकाणी अडचण आली की प्रोग्रॅम ते शिळे उत्तर उचलून वाचून दाखवी. काही काळाने ते वाक्य बदलून अधिक तांत्रिक करण्यात आले. अर्थात ते अधिक बरोबर झाले आणि कोणालाच कळेनासे झाले.

येथे मम्मटाची तिसरी अट आठवते. लक्षणेला रूढी तरी हवी किंवा प्रयोजन तरी. कवी ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हणतो त्याला प्रयोजन असते. तीराला गंगेची शीतलता आणि पावित्र्य द्यायचे असते. यंत्राच्या वाक्याला असे प्रयोजन नाही. ते केवळ रूढीने बोलते. पूर्वी कधीतरी त्या आकड्याला ते वाक्य चिकटले, म्हणून आजही चिकटलेले आहे. म्हणूनच अशा वाक्यात कवीचा हेतू शोधावा तसा हेतू शोधण्यात अर्थ नाही. शोधायची ती रूढी. ते वाक्य प्रथम कोणत्या अडचणीसाठी लिहिले गेले, आणि नंतर त्याच्या पदराखाली कोणकोणत्या अडचणी येऊन बसल्या, हा खरा प्रश्न.

रूढी बदलता येते, हेही तितकेच खरे. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये चार गिगाबाइटांहून मोठी फाइल ‘फॅट ३२’वर उतरवू पाहिली की डिस्कवर पुरेशी जागा नाही, असेच सांगितले जाई. पुढील आवृत्त्यांत नक्कल करताना येणारे हे वाक्य सुधारले गेले : ही फाइल या डिस्कच्या मांडणीसाठी फार मोठी आहे, असे आता स्पष्ट म्हटले जाते. लिनक्स प्रणालीत तर या दोन अडचणींना शेजारशेजारचे दोन आकडे आहेत : २७ म्हणजे फाइल फार मोठी, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. एका अंकाचा फरक; पण तो ज्याने राखला त्याने पुष्कळांच्या जुन्या फायली वाचवल्या असतील. मात्र मूळ प्रणालीने आपले वाक्य सुधारले म्हणून तिच्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम सुधारतो असे नाही. खालून ११२ हा आकडा आला की तो आपले जुनेच वाक्य म्हणत राहू शकतो.

या साऱ्या प्रकारात आम्हांला पाठचिकित्सेची पुन्हा पुन्हा आठवण झाली. हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाचे एक निवेदन बहुधा असते : जसे पुढे दिसले तसे मी लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. प्रोग्रॅमनेही आपल्या प्रत्येक वाक्याखाली हे लिहावयास हरकत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले; जवळपास अर्धे शतक त्या संपादकांनी केले काय? पोथी काय सांगते ते वाचले, आणि ती तसे का सांगते आहे हे दुसऱ्या पोथ्यांशी ताडून पाहिले. एकाच पोथीवर विश्वासून त्यांनी श्लोक गाळले नाहीत. पेन ड्राइव्हवर एक मिनिटाची शांतता जतन करून पाहणे, हे आमच्या परीने दुसरी पोथी उघडून पाहणेच होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलते ते पाहावे : जागा तीच ठेवून लांबी बदलावी, फोल्डर तेच ठेवून लिहिणारा बदलावा, सारे तसेच ठेवून नाव बदलावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यश आले तरी कारण कळत नाही, आणि पुढच्या गावी तेच संकट पुन्हा उभे राहते.

नावाचा उल्लेख केला तो सहज नव्हे. मराठीत काम करणाऱ्यांसाठी तो एक स्वतंत्र सापळा आहे. विद्यार्थी फायलीला ओवीच्या पहिल्या चरणाचे नाव देतात. त्यात प्रश्नचिन्ह येते, अपूर्णविराम येतो. विंडोज फायलीच्या नावात ही चिन्हे स्वीकारीत नाही. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची, आणि प्रचलित यूटीएफ-८ संकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. संगणकाच्या दृष्टीने त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. इंग्रजी नावाला २५५ अक्षरे मिळतात तेथे देवनागरी नावाला ८५ चिन्हे मिळतात, आणि जोडाक्षरे असतील तर अक्षरे त्याहूनही कमी. नाव फार लांब झाले की काही प्रोग्रॅम तसे सांगतात, काही मात्र ‘जतन करता आले नाही’ एवढ्यावरच थांबतात. म्हणून आम्ही आता फायलीला गाव, दिनांक आणि क्रमांक एवढेच नाव देतो. ओवीचा चरण वहीत लिहितो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे सारे वाचून कोणी असे ठरवील की संगणकाच्या वाक्यावर कधीच विश्वास ठेवू नये, तर तेही चूक होईल. डिस्क कधीकधी खरोखरच भरलेली असते. शास्त्रात लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाधाची आहे, आणि ती पहिली आहे याला कारण आहे. मुख्यार्थ तपासावा, तो टिकला तर तोच घ्यावा, तो अडला तरच पुढे जावे. आमच्या वर्गात याच्या नेमके उलट घडते. कवितेत पाऊस आला की विद्यार्थी लगेच ‘पाऊस हे कशाचे प्रतीक आहे’ असे लिहू लागतात. तो आधी नुसता पाऊस असू शकतो, कोणत्या महिन्यातला, कोणत्या शेतावरचा, हे पाहण्याची सवड त्यांना नसते. आणि गद्यापुढे, सूचनेपुढे, परिपत्रकापुढे तीच मुले पूर्ण शरण जातात. तेथे प्रत्येक शब्दाचा मुख्यार्थच खरा. कवितेत मुख्यार्थाची उपेक्षा आणि सूचनेत त्याची पूजा, हे वाचनाच्या शिक्षणाचे दुहेरी अपयश आहे, आणि त्याची जबाबदारी शिकवणाऱ्या साऱ्या पिढीवर येते. गंगेचे उदाहरण आपण इतकी वर्षे केवळ गंगेपुरते शिकवले.

क्षेत्रीय मुद्रण करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी यातून निघणारे व्यावहारिक सार थोडके आहे. जतन होत नाही असे दिसले की प्रथम काही बंद करू नये आणि काही पुसू नये. जोवर प्रोग्रॅम उघडा आहे तोवर मुद्रण हाताशी आहे. पुढच्या कळी दाबण्यापूर्वी वाक्य शब्दशः आणि त्यातल्या आकड्यासह वहीत उतरून घ्यावे, किंवा फोनने त्याचे छायाचित्र काढावे. मग छोटी फाइल त्याच ठिकाणी, आणि तीच फाइल दुसऱ्या ठिकाणी, असे करून पाहावे. पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीत बांधलेला आहे हे घरून निघण्यापूर्वीच त्याच्या गुणधर्मांत पाहून घ्यावे. ‘फॅट ३२’ असेल आणि त्यावर काही ठेवलेले नसेल तर तो ‘एक्सफॅट’मध्ये नव्याने बांधून घ्यावा. लांब मुद्रणे ‘वेव्ह’ या प्रकारात काढताना लक्षात ठेवावे की १९९१च्या त्या प्रकारातही लांबी लिहिण्याची जागा ३२ द्विमान अंकांचीच आहे, म्हणजे चार गिगाबाइटांची भिंत तेथेही उभी आहे, मग डिस्क कोणतीही असो. आणि शेजारी एक साधा फोन, वेगळ्या साठ्यात, सतत मुद्रण करीत ठेवावा. दुसरी पोथी असलेली बरी.

त्या मुक्कामातील मुद्रणांतून आतापर्यंत एकशे चाळीसच्या वर ओव्या लिहून झाल्या आहेत. आजींच्या शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे चार गिगाबाइटांच्या पलीकडे, ज्या ओव्या आल्या त्या त्यांच्या लहानपणी गेलेल्या बहिणीच्या आहेत. त्या आम्हांला इतर गावी मिळालेल्या नाहीत. ज्या नऊ गावांच्या फायली त्या संध्याकाळी पुसल्या जाण्याच्या बेतात होत्या, त्यांपैकी दोन गावांतल्या गाणाऱ्या बायका आता हयात नाहीत. बी.ए.च्या वर्गात लक्षणा शिकवताना आता आम्ही गंगेच्या उदाहरणाखाली फळ्यावर ‘डिस्क भरली आहे’ हे वाक्यही लिहितो, आणि तीन अटी विद्यार्थ्यांनाच लावून पाहायला सांगतो. मुले हसतात, पण उत्तर लिहिताना मुख्यार्थ खरोखर अडला आहे की नाही हे आधी पाहतात. तेवढे पुरे आहे.